बायकोसाठी पर्समध्ये मावेल असं छोटं, हलकं पिस्तूल कोणतं घ्यावं? (आम्ही टेक्सासमध्ये राहतो)

तुम्ही लिहिलंय की वहिनी हूस्टनला हॉस्पिटलमध्ये रात्रपाळी करतात, पार्किंग गॅरेजपर्यंत चालत जायची भीती वाटते, हात लहान आहे, म्हणून हलकंसं काहीतरी सुचवा. वहिनींना स्वतःला काय हवंय याचा प्रश्नात पत्ताच नाही. त्या कधी नेमबाजीच्या रेंजवर गेल्यात का, हेही नाही. म्हणून लिहायला बसले.

हूस्टनबाहेरच्या केटीजवळ माझं छोटं फिजिओथेरपी क्लिनिक आहे. शेवटचा पेशंट गेला की दिवे मालवून मागच्या दाराने मी एकटीच निघते. शेजारच्या दुकानाची काच फोडून चोरी झाली तेव्हा आमच्या घरात हा विषय निघाला, आणि निघाल्या निघाल्या माझ्या हातातून गेला. माझे मोठे दीर कॉलेजात एनसीसीला होते, पॉइंट टू-टू रायफल चालवलेली, त्यामुळे बंदूक या विषयावर आमच्या खानदानात त्यांचा शब्द शेवटचा. भावोजींचं म्हणणं एकच: बायकांना रिव्हॉल्व्हरच बरं. जॅम होत नाही, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) ओढायला लागत नाही, छोटं असतं, पर्समध्ये पडून राहतं. दुकानात गेलो तर काउंटरवरचा माणूसही माझ्याकडे न बघता त्यांच्याशीच बोलायला लागला, आणि गुलाबी मुठीचं एक काढून समोर ठेवलं. मी नको म्हणून बाहेर आले. वाढदिवसाला भावोजींनी तेच मॉडेल काळ्या मुठीत भेट दिलं. स्मिथ अँड वेसनचं ६४२, पॉइंट थर्टी-एट स्पेशल, पाच गोळ्या, वजन जेमतेम चारशे ग्रॅम.

हातात घेतलं की खरंच गोड वाटतं. झाडलं की कळतं. गोळी तीच असेल आणि पिस्तूल हलकं असेल तर धक्का सगळा हातात येतो, यात बायकी-पुरुषी काही नाही, शाळेतलं पदार्थविज्ञान आहे. त्यातून या रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर साडेपाच किलोच्या आसपास जोर लावल्याशिवाय मागे येत नाही. पिस्तुलाचं वजन चारशे ग्रॅम आणि बोटाने ओढायचे साडेपाच किलो, मग नळी जागेवर राहील कशी? नळीही दोन इंचाच्या आतली. पहिल्या पाच गोळ्यांतच अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात कातडी लाल झाली. अंगठ्याच्या बुडाचा सांधा ठणकला तो संध्याकाळपर्यंत. याच सांध्याचे पेशंट माझ्याकडे दिवसभर येत असतात, डबा उघडता येत नाही म्हणून. "सवय होईल," भावोजी मागून म्हणाले.

रेंजवर एक वयस्कर बाई शिकवायच्या. बऱ्याच वेळ बघत होत्या. जवळ येऊन भावोजींना म्हणाल्या, सर, एकदा तुम्ही दाखवता का? भावोजींनी ऐटीत पाच झाडल्या. सात यार्डांवरच्या कागदी माणसाला दोन लागल्या, त्यातली एक कानाला. भावोजी म्हणाले, प्रोग्रेसिव्ह चष्म्यामुळे झालं. चष्मा असेलही, मी काही बोलले नाही. पण तेव्हापासून आमच्याकडे गणपतीत, दिवाळीत, कुणाच्या बारशात हा वाद निघतोच. ते अजून रिव्हॉल्व्हरवर आहेत. त्यांनी पुन्हा कधी झाडून मात्र दाखवलं नाही.

त्या बाईंनी मला स्लाइड ओढायला शिकवली. ताकद लागते म्हणणारे बहुतेकजण ती अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून मागे खेचत असतात. तशी धरली तर मलाही जमत नाही. पिस्तूल छातीजवळ आणायचं, कोपर बरगडीला, नळी समोर टार्गेटकडे, बोट ट्रिगरबाहेर. डावा तळवा स्लाइडवरून घालून चारही बोटांनी पकडायची, आणि मग स्लाइड ओढण्यापेक्षा उजव्या हाताने मूठ पुढे ढकलायची. काम चिमटीकडून काढून खांद्याच्या आणि छातीच्या स्नायूंना द्यायचं, एवढंच. साठीच्या पुढच्या बायकांना पाच मिनिटांत जमलेलं मी पाहिलंय. संधिवातामुळे तरीही जमत नसेल तर स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझेड बघा, त्याची स्प्रिंग मुद्दाम मऊ केलेली आहे.

मॉडेलचं म्हणाल तर आज इथे कुणालाही विचारा, तीच चार-पाच नावं येतील. सिग सॉवर पी३६५, ग्लॉक ४३एक्स, शील्ड प्लस, स्प्रिंगफील्ड हेलकॅट, आणि अंगाने जरा मोठं चालत असेल तर ग्लॉक १९. सगळी ९ एमएम, म्हणजे गोळीचं माप. यातलं कुठलंही वाईट नाही. ग्लॉक १९ झाडायला सगळ्यात सोपं, पंधरा गोळ्यांचं मॅगझिन (मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी), पण अंगावर जाड वाटतं. पी३६५ २०१८ साली आलं आणि एवढ्याशा अंगात दहा गोळ्या बसवून त्याने बाजारच फिरवला, पण माझी करंगळी मुठीवर टेकत नव्हती. ४३एक्सवर टेकली. मी ते घेतलं. माझ्या पकडीला करंगळीने फरक पडला, वहिनींना कदाचित दुसऱ्याच कशाने पडेल. बहुतेक रेंजवर भाड्याने मिळतात, त्यांना प्रत्येकातून मॅगझिनभर झाडू द्या. जाड .४५ च्या गोळीशिवाय माणूस थांबत नाही असं सांगणारे काका भेटतील. एफबीआय .४० सोडून परत ९ एमएमवर आली, एवढं त्यांना सांगा आणि पुढे चला.

आता पर्स. याला माझं स्पष्ट नाही आहे. चोर सगळ्यात आधी पर्सच ओढतो. आणि २०१४ च्या डिसेंबरात आयडाहोमधल्या हेडन गावी वॉलमार्टमध्ये एका आईच्या पर्समध्ये दोन वर्षांच्या मुलाने हात घातला, गोळी सुटली, आई जागीच गेली. तिच्याकडे परमिट होतं, पर्ससुद्धा पिस्तुलासाठीच बनवलेली होती. पिस्तूल अंगावर, ट्रिगर पूर्ण झाकणाऱ्या कडक होल्स्टरमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानात. नाहीतर घरी तिजोरीत. हॉस्पिटलच्या स्क्रबला (गणवेशाला) नाडी असते, पट्टा नसतो, ही अडचण मलाही होती. फिल्स्टर कंपनीचं एनिग्मा नावाचं एक साधन आहे, कमरेला वेगळ्या पट्ट्याने बांधतात, त्यावर होल्स्टर बसतं, कपड्यांशी संबंधच नाही. मी कुर्ता-लेगिंग्जवरही तेच वापरते. होल्स्टर आणि शिकवणी यांना पिस्तुलाइतकेच पैसे बाजूला काढा. लोक सहाशे डॉलरचं पिस्तूल घेऊन पंधरा डॉलरच्या कापडी पिशवीत खुपसतात.

पण वहिनींच्या बाबतीत खरी गोम वेगळीच आहे. हॉस्पिटलच्या दारावर ३०.०६ ची पाटी (लायसन्स असलं तरी लपवलेलं पिस्तूल आत आणू नका, असं सांगणारी) बहुधा असणारच, आणि नोकरीच्या नियमात मनाई असतेच. म्हणजे ड्यूटीवर पिस्तूल अंगावर नाही. टेक्सासमध्ये २०११ पासून नोकराच्या कुलूपबंद गाडीत कायदेशीर बंदूक असेल तर मालकाला सहसा अडवता येत नाही, म्हणून ते गाडीत राहणार. मग हॉस्पिटलच्या दारापासून गाडीपर्यंत ज्या अंतराची भीती आहे, नेमकं तेवढ्याच अंतरात ते जवळ नसणार. वर गाडी फोडली की गेलं. सिक्युरिटीला फोन करून गाडीपर्यंत सोबत मागता येते, बऱ्याच हॉस्पिटलांत ती फुकट असते, पण नर्सेस संकोचतात. आधी ते करायला सांगा. पेपर स्प्रे किल्लीच्या जुडग्याला लावता येतो, त्यालाही हॉस्पिटलचा काय नियम आहे तो विचारून घ्या. भावोजी हसतात स्प्रेला. हसू देत.

कायद्याचं थोडं. १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या, कायद्याने बंदी नसलेल्या माणसाला टेक्सासमध्ये पिस्तूल जवळ बाळगायला लायसन्स लागत नाही, म्हणून "लायसन्स कशाला" असं मंडळात कुणीतरी सांगेलच. काढा. शाळेच्या हजार फुटांत बंदूक बाळगायला फेडरल बंदी आहे, आणि त्यातून सूट आहे ती त्या राज्याच्या लायसन्सवाल्याला. आपल्या सबडिव्हिजनमधून शाळेवरून न जाता बाहेर पडता येतं का बघा. फी चाळीस डॉलर, चार ते सहा तासांचा क्लास, आणि तीन, सात, पंधरा यार्डांवर मिळून पन्नास गोळ्यांची परीक्षा. ही परीक्षा सोपी आहे, पास झालो म्हणजे नेम आला असं समजू नका. शाळेच्या इमारतीत मात्र लायसन्स असूनही न्यायचं नाही. आपला गणपतीचा कार्यक्रम शाळेच्या ऑडिटोरियममध्ये असतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

व्हिसाचं तुम्ही काही लिहिलं नाही, म्हणून हे सांगते, आणि हे वरच्या सगळ्यापेक्षा महत्त्वाचं आहे. ग्रीन कार्ड असेल तर ठीक. एच-१बी, एच-४, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक विकत घेणंच काय, बाळगणंही गुन्हा आहे. शिकारीच्या लायसन्सची एक पळवाट आहे, पण तिच्या जिवावर काही करायच्या आधी वकील गाठा. नवऱ्याचं ग्रीन कार्ड आलं, बायकोचं अडकलंय, अशी घरं माझ्या ओळखीत आहेत. अशा बायकोने नवऱ्याच्या पिस्तुलाला हातसुद्धा लावू नये, रेंजवर भाड्याचंही नको. दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरून घेतात, त्यात खोटं लिहिलं तर ग्रीन कार्डही जाईल आणि तुरुंगातही जावं लागेल.

घरात लहान मूल असेल तर तिजोरी आधी, पिस्तूल नंतर. सतराच्या आतल्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागली तर आईबापांवर केस होते. घरात कुणी नैराश्यातून जात असेल तर हा विषय सध्या बंद करा, सिक्युरिटीची सोबत आणि स्प्रे पुरे. आणि रेंजवर नेलेली बॅग भारतात जाताना वापरू नका. कोपऱ्यात विसरलेलं एक काडतूस मुंबईच्या स्कॅनरमध्ये दिसलं तरी आर्म्स अ‍ॅक्ट, १९५९ खाली पोलीस केस होते, आणि सुट्टी वकिलाच्या ऑफिसात जाते.

रिव्हॉल्व्हर टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. ज्याने त्यावर पुष्कळ सराव केलाय त्याच्या हातात ते उत्तम चालतं, कोटाच्या खिशातूनही झाडता येतं. पण ते नवख्याचं हत्यार नाही. आणि भावोजींना कुणी हे उत्तर दाखवणार असेल तर कानाचाही भाग दाखवा.

क्लास कुठे, शिकवणारी बाई कुठे मिळेल, हे मी सांगेन. फक्त खाली कमेंट वहिनींना लिहू द्या.