आफ्रिकेचा भूगोल शिकताय? इथून सुरुवात करा

देश आणि राजधान्यांची यादी आधी बाजूला ठेवा. उंचसखलपणा दाखवणारा एकच प्राकृतिक नकाशा घ्या आणि त्याच्यासोबत निवांत बसा. दक्षिण आणि पूर्व आफ्रिका उंच पठारी, उत्तर आणि पश्चिम भाग त्या मानाने सखल, एवढं डोक्यात बसलं की पुढचं बरंच सोपं जातं.

मग तीनच गोष्टी:

- विषुववृत्त. ते खंडाच्या मधून जातं, म्हणून पर्जन्यवन, गवताळ प्रदेश, वाळवंट हा क्रम दोन्ही बाजूंना दिसतो. (पूर्वेकडे अपवाद आहेत.)
- काँगो नदी. माझ्या मते सगळ्यात जास्त शिकवणारी नदी हीच. ती विषुववृत्त दोनदा ओलांडते. एका बाजूचा पाऊस ओसरतो तेव्हा दुसऱ्या बाजूचा वाढलेला असतो, त्यामुळे तिचं पाणी वर्षभर टिकून राहतं. समुद्राजवळ ती पठारावरून खाली कोसळते, म्हणून सागरी जहाजं फार आत जाऊ शकत नाहीत.
- पूर्वेकडची खचदरी, म्हणजे जमीन खचून तयार झालेली लांबच लांब दरी. टांगानिका सरोवर इतकं लांबट आणि सुमारे १,४७० मीटर खोल का, ते तिथे कळतं.

नवख्यांच्या दोन चुका नेहमीच्या. सहारा म्हणजे नुसती वाळू नव्हे. वाळूचा भाग साधारण चौथा हिस्सा, बाकी खडक आणि दगडगोटे. आणि मर्केटर नकाशावरून (ध्रुवांकडचे भाग ताणून मोठे दाखवणारा जगाचा सपाट नकाशा) आकार ठरवू नका. त्यावर ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका सुमारे १४ पट मोठी आहे.

खडकांची वयं, भूपट्टांच्या हालचाली सध्या नकोत. आधी नकाशा हाताने काढा, वाकडा आला तरी चालेल. अडलात तर जरूर विचारा.