उपशामक सेवा देणाऱ्या संस्थेत सुधारणेचे काम सतत कसे चालू ठेवावे?

उपशामक सेवेत, म्हणजे गंभीर आजारातील रुग्णांचा त्रास कमी करण्याच्या सेवेत, उत्साहाने सुरू केलेले नवे उपक्रम काही महिन्यांत का थंडावतात आणि त्यावर व्यवस्थापनाने काय करावे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते, नव्या कल्पनांची उणीव क्वचितच असते. केलेल्या बदलाने रुग्णाला खरोखर आराम पडला का हे तपासण्यात आणि पडला नसल्यास तो बदल मागे घेण्यात संस्था कमी पडतात.

या क्षेत्रातली अडचण अशी की, ज्याच्यासाठी बदल केला तो रुग्ण पुष्कळदा काही आठवड्यांतच दगावतो, त्यामुळे वर्षाअखेरीच्या सर्वेक्षणातून त्याचे मत कळतच नाही. म्हणून मोजमाप रोजच्या भेटीतच व्हावे लागते. १९९१ साली कॅनडातील एडमंटन येथून पुढे आलेल्या लक्षण-मापन पद्धतीत वेदना, मळमळ, थकवा, धाप अशा तक्रारींना रुग्ण स्वतः शून्य ते दहा गुण देतो. तेवढे पुरते, मात्र वेदनेला आठ गुण मिळाल्यावर त्याच दिवशी कोणी काय करायचे हे आधी ठरलेले असले पाहिजे, नाहीतर फक्त कागद वाढतो.

चांगला बदल घाईने पसरवण्याचा धोका मला सर्वांत मोठा वाटतो. ब्रिटनमधील लिव्हरपूल केअर पाथवे हा शुश्रूषेचा ठरावीक आराखडा हॉस्पिसमधील (मरणासन्न रुग्णांची काळजी घेणाऱ्या संस्थांमधील) अखेरच्या दिवसांची शुश्रूषा सर्वसाधारण रुग्णालयांत नेण्यासाठी १९९० च्या दशकात तयार झाला. त्यामागचा हेतू उत्तम होता. पण अनेक ठिकाणी पुरेशा प्रशिक्षणाविना तो राबवला गेला, विचारपूर्वक निर्णयाऐवजी चौकटींत खुणा करणे उरले आणि आपल्याला काही सांगितलेच नाही अशा तक्रारी कुटुंबीयांकडून आल्या. ज्यूलिया न्यूबर्गर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१३ साली तो टप्प्याटप्प्याने बंद करण्याची शिफारस केली.

त्यामुळे नवा प्रयोग आधी एका पथकापुरता, मोजक्या रुग्णांवर आणि त्यांच्या संमतीने करावा. तो चालू ठेवायचा की थांबवायचा हे कोण, कोणत्या तारखेला आणि कशावरून ठरवणार हे सुरुवातीलाच लिहून ठेवावे. विस्तार करताना प्रशिक्षणाचा खर्चही त्याच मंजुरीत धरावा. मृत्यू रोज जवळून पाहणाऱ्या परिचारिकांवर एक नवा तक्ता लादायचा असेल, तर जुना एक काढून टाकावा. (हे व्यवस्थापकांना फारसे रुचत नाही.)

पहिला विषय म्हणून मी रात्रीची सेवा निवडेन: वेदना वाढल्यावर घरच्यांनी केलेला फोन कोण उचलतो आणि आराम पडेपर्यंत किती वेळ जातो, याची नोंद आजपासूनही सुरू करता येईल.