बदली ड्रायव्हर, ४८ तास आणि लायसन्सवरची दुसरी तारीख

प्रश्न : कळंबोलीत माझ्या नऊ गाड्या आहेत, ड्रायव्हर एजन्सीकडून घेतो. कॉइल भरून चाकणला निघालेल्या गाडीचा नेहमीचा ड्रायव्हर ऐनवेळी आला नाही, म्हणून एजन्सीने रात्री बदली माणूस पाठवला. पहाटे जुन्या हायवेवर खोपोलीजवळ अपघात झाला, दुचाकीस्वार गेला. बदली ड्रायव्हरच्या लायसन्सची ट्रान्सपोर्टची मुदत अकरा दिवसांपूर्वी संपली होती. नंतर त्याने ते रिन्यू केलं. विमा कंपनी हात वर करते आहे. जबाबदारी एजन्सीचीच ना? आणि आता तीन नव्या एजन्सींची कोटेशनं आली आहेत, कोणती घेऊ?

उत्तर : अशी पत्रं दर महिन्याला येतात, फक्त घाटाचं नाव बदलतं. तुम्ही कराराची झेरॉक्स जोडलीत हे बरं केलंत, कारण पत्रात नसलेली गोष्ट तिथे सापडली. कलम ९ : ‘नियमित चालक गैरहजर असल्यास एजन्सी सहा तासांत बदली चालक देईल, त्याची कागदपत्रे रुजू झाल्यापासून ४८ तासांत सादर केली जातील.’ म्हणजे दोन दिवस तुमची गाडी अशा माणसाच्या हाती, ज्याचं लायसन्स तुम्ही पाहिलेलं नाही. आणि हे चालेल, असं तुम्ही स्टँपपेपरवर सही करून दिलंत. तुमची सगळी केस या एका ओळीत अडकली आहे.

का ते सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५ विनालायसन्स माणसाच्या हाती गाडी न देण्याची जबाबदारी मालकावर टाकतं. तुमच्या आणि एजन्सीच्या खाजगी कराराने ती हलत नाही. लायसन्सचा दोष निघाला, तरी मालकाने वाजवी काळजी घेतली होती का, हे कोर्ट पाहतं. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल आले. निर्मला कोठारी प्रकरणात म्हटलं, की वरकरणी खरं दिसणारं लायसन्स बघून, गाडी चालवता येते याची खात्री करून ड्रायव्हर ठेवला असेल, तर मालकाने आरटीओत जाऊन पडताळणी करावी अशी अपेक्षा नाही. बेली राम प्रकरणात उलट बाजू : लायसन्सची मुदत संपून वर्षं लोटली तरी मालकाने विचारलं नाही, म्हणून भार त्याच्यावर गेला. विचित्र वाटेल, पण तुमच्या ड्रायव्हरचं लायसन्स चक्क बनावट असतं आणि तुम्ही ते बघून गाडी दिली असती, तर आज तुमची बाजू अधिक भक्कम असती. मुदत संपल्याची तारीख कार्डावर छापलेली असते. ती न दिसण्याचं कारण एकच, कार्डच पाहिलं नाही.

कार्डावर मुदतीच्या दोन तारखा असतात, एक ‘एनटी’ म्हणजे खाजगी वाहनासाठी, दुसरी ‘टीआर’ म्हणजे ट्रान्सपोर्टची. तुमच्या सुपरवायझरने अपघातानंतर सकाळी व्हॉट्सॲपवर आलेला लायसन्सचा फोटो बघून ‘२०३४ पर्यंत आहे ना’ म्हटलं, ती तारीख एनटीची. जड ट्रकला टीआरची लागते आणि ती पाच वर्षांची असते. नंतरच्या रिन्यूअलने मधले दिवस भरून निघत नाहीत. मुदत संपल्यावर मिळणारी तीस दिवसांची सवलत २०१९ च्या दुरुस्तीने काढली आहे.

मग काहीच उरलं नाही? उरलंय. स्वर्ण सिंग प्रकरणापासून (२००४) विम्याच्या अटीचा भंग सिद्ध करण्याचं ओझं विमा कंपनीवर आहे. आरटीओचा माणूस रेकॉर्ड घेऊन साक्षीला यावा लागतो आणि त्या भंगाचा अपघाताशी संबंध काय, हेही विचारता येतं. वर्षानुवर्षं ट्रक चालवणारा माणूस अकरा दिवसांत चालवणं विसरतो का, हा युक्तिवाद करण्याजोगा आहे. टिकेल की नाही, ते साक्षीपुराव्यावर.

पण हे सगळं मांडायला कोर्टात कोणीतरी हवं! मोटार अपघात न्यायाधिकरणाची नोटीस आली तेव्हा तुम्ही ती एजन्सीच्या माणसाला दिलीत आणि ‘आमचा वकील बघेल’ यावर सात महिने निश्चिंत राहिलात. त्यांचा वकील तुमच्यासाठी कशाला येईल? तुमच्याविरुद्ध एकतर्फी हुकूम झालाय, म्हणजे दावा तुमच्याशिवायच पुढे चालणार. या आठवड्यात वकीलपत्र दाखल करून तो रद्द करण्याचा अर्ज द्या, सोबत कैफियत, म्हणजे तुमचं लेखी म्हणणं जोडा, खर्च भरायची तयारी ठेवा. एरवी तारखा महिनोन्‌महिने लांबतात, पण मालक गैरहजर असलेला दावा कसा धावतो ते मी पाहिलंय. ‘आधी भरा, मग मालकाकडून वसूल करा’ असा निवाडा झाला, तर विमा कंपनीला नवा दावाही लागत नाही, त्याच निवाड्यावर दरखास्त (वसुलीचा अर्ज) लावून ती तुमच्या दारात येते. अपिलाला ९० दिवस मिळतात, पण त्यासाठीही आधी काही रक्कम भरावी लागते.

एजन्सीचं नंतर. कलम ४ मध्ये ‘वैध परवानाधारक चालक’ पुरवण्याची हमी आहे. ते म्हणतील, ४८ तास संपलेच नव्हते. तुम्ही म्हणा, ४८ तास कागद देण्यासाठी होते, वैधता पहिल्या मिनिटापासून हवी होती. मला हा अर्थ बरोबर वाटतो. दिवाणी कोर्टाला वाटेल याची हमी देत नाही. आज स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा. ड्रायव्हरच्या स्वतःच्या दुखापतीची भरपाई कामगार भरपाईच्या जुन्या कायद्याने की नव्या सामाजिक सुरक्षा संहितेने, ते अपघाताच्या तारखेवर ठरेल. ती तारीखच तुम्ही लिहिलेली नाही.

कोटेशनांचं म्हणाल, तर दर, पीएफ, ड्रायव्हर टिकण्याची टक्केवारी, सगळं नंतर बघा. आधी बदली ड्रायव्हरचं कलम वाचा. लायसन्स नंबर आणि जन्मतारीख किल्ली देण्याआधी मिळेल, असं जी एजन्सी लिहून देईल तिच्याशीच बोला. नंबर आला की तुमचा माणूस परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर दोन मिनिटांत टीआरची तारीख बघू शकतो. रात्री दीड वाजता बघायचा कंटाळा येत असेल, तर गाडी सकाळी सोडा.

आणि तो व्हॉट्सॲपचा फोटो. त्यावरची वेळ एजन्सीविरुद्ध कामी येईल आणि विमा कंपनीच्या हातात तुमच्याविरुद्धही. म्हणून तो डिलीट करू नका आणि कैफियतीत ‘आधीच पाहिला होता’ असंही लिहू नका. पुरावा म्हणून द्यायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल. सुपरवायझर नवा फोन घेणार असेल, तर वकिलाला भेटेपर्यंत त्याला थांबवा.