चिठ्ठीवरची भरती आणि सोयऱ्यांची संघटना

प्रश्न : मी उरण तालुक्यातील एका कंटेनर यार्डात सतरा वर्षे काम करतो. आमची भातशेती बंदरासाठी गेली आणि प्रकल्पग्रस्ताच्या घरातला म्हणून मला हे काम मिळाले. आमच्या कामगार संघटनेचे जुने अध्यक्ष ठेकेदाराकडून खंडणी घेतल्याच्या गुन्ह्यात तुरुंगात गेले. आता त्यांचे मेहुणे अध्यक्ष आहेत, पुतण्या खजिनदार आहे आणि नव्या मुलाला कामावर लावायचे तर आजही त्याच घरातून चिठ्ठी आणावी लागते. अमेरिकेतल्या संघटनांमध्येही असेच होते आणि तिथल्या सरकारने ते मोडून काढले, असे ऐकले. ते खरे आहे का? आणि आम्ही काही जणांनी ही संघटना सोडावी का?
— एक वाचक, उरण

उत्तर : आपल्या पत्रातील तुरुंग, मेहुणे आणि पुतण्या यांच्यापेक्षा मला महत्त्वाचा वाटतो तो ‘चिठ्ठी’ हा शब्द. गुन्हेगारांचा संघटनेवरचा ताबा धाकदपटशाने सुरू होत असेल, पण तो वर्षानुवर्षे टिकतो तो उद्या कामावर कोणाला घ्यायचे हे ठरवण्याच्या अधिकारामुळे. हा अधिकार ज्या घरात आहे, त्या घरातला कर्ता माणूस तुरुंगात गेला तरी अधिकार घरातच राहतो, आणि नातेवाईक त्याचे वारस होतात.

अमेरिकेचा अनुभव नेमका हेच सांगतो. न्यूयॉर्कच्या धक्क्यांवर 1950 च्या सुमारास रोज सकाळी कामगार घोळक्याने उभे राहत आणि मुकादम बोट दाखवून माणसे निवडत असे. मजुरीतला वाटा परत देण्याची तयारी असलेला कामगार कानामागे काडी खोवून उभा राहत असे. 1953 मध्ये अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबर या महासंघाने तिथल्या गोदी कामगारांच्या संघटनेला बाहेर काढले, आणि त्याच वर्षी न्यूयॉर्क व न्यू जर्सी या दोन राज्यांनी मिळून वॉटरफ्रंट कमिशन नेमून ती भरतीची पद्धत बंद केली व कामगारांची नोंदणी सुरू केली. एवढे होऊनही ब्रुकलिनमधील ‘लोकल 1814’ या शाखेची सूत्रे 1963 मध्ये अँथनी अनास्तासिओ यांच्याकडून त्यांचे जावई अँथनी स्कॉटो यांच्याकडे गेली. अनास्तासिओ यांचे सख्खे बंधू अल्बर्ट अनास्तासिया हे माफियातील कुख्यात नाव होते, आणि स्कॉटो स्वतः 1979 मध्ये न्यायालयात दोषी ठरले. कमिशनला 2012 च्या अहवालातही हेच नोंदवावे लागले की गुन्हेगारी टोळ्यांशी संबंध असलेल्यांच्या नातेवाइकांना थोड्या कामासाठी अवाढव्य पगाराच्या जागा मिळत आहेत. म्हणजे जवळजवळ साठ वर्षे उलटली तरी दुखणे पुरते गेले नव्हते. 2023 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यू जर्सीला कमिशनच्या करारातून बाहेर पडण्याची मुभा दिल्यावर ते कमिशनच संपले.

दुसरे उदाहरण आपल्या प्रश्नाच्या अधिक जवळचे आहे. न्यू जर्सीतील ट्रकचालकांची ‘लोकल 560’ ही शाखा अँथनी प्रोव्हेन्झानो यांच्या ताब्यात होती. 1961 मध्ये त्यांच्या एका प्रतिस्पर्ध्याचा खून झाला आणि त्या खुनाबद्दल प्रोव्हेन्झानो 1978 मध्ये दोषी ठरले. त्याआधी 1963 मध्ये ते खंडणीच्या गुन्ह्यात दोषी ठरले होते. ते तुरुंगात गेले तेव्हा सूत्रे भावांकडे गेली, आणि भावांवर पाळी आली तेव्हा त्यांची मुलगी पदाधिकारी झाली. अखेर सरकारने संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखाली दिवाणी दावा लावला आणि 1986 पासून न्यायालयाने नेमलेल्या विश्वस्ताने ती शाखा चालवली. दोनच वर्षांनी, 1988 मध्ये, गुप्त मतदान घेतले गेले तेव्हा जुन्या गटाच्या उमेदवाराला न्यायालयाने मनाई केली होती. त्याचा भाऊ उभा राहिला आणि सदस्यांनी त्याला निवडून दिले. विश्वस्ताची देखरेख 1999 पर्यंत चालू ठेवावी लागली.

सदस्यांनी असे का केले असेल, हा प्रश्न आपण उरणमध्ये बसून नीट विचारला पाहिजे, कारण त्यांना मूर्ख किंवा भित्रे म्हणून तो सुटत नाही. रात्री अडीच वाजता यार्डात कोणाचा पाय क्रेनखाली सापडला तर पहिला फोन कोणाला जातो? दवाखान्यात पैसे कोण भरतो, लग्नाला उसनवारी कोण देतो, पोलीस ठाण्यात शब्द कोण टाकतो? जो माणूस हे करतो त्याच्या खंडणीकडे गरीब कामगार काणाडोळा करतो. त्या जागी दुसरी विश्वासाची व्यवस्था उभी राहिल्याशिवाय नुसत्या अटकेने काही बदलत नाही, हे मला लोकल 560 च्या हकिकतीतून सर्वांत ठळकपणे दिसते.

आणि नात्यागोत्याने काम मिळणे आपल्याला परके नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गातून मुंबईच्या गिरण्यांत गेलेला चाकरमानी गावकीच्या खोलीत उतरत असे, खानावळीत उधारीवर जेवत असे आणि गावच्या ओळखीने जॉबरसमोर, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमासमोर, उभा राहत असे. या ओळखीने हजारो कोकणी घरे जगवली, म्हणून मी नात्याला दोष देणार नाही. पण कामावर घेण्याचा आणि काढण्याचा अधिकार त्याच जॉबरच्या हातात असल्यामुळे दस्तुरी, म्हणजे लाच, दिल्याशिवाय बदली कामगाराला (गैरहजर माणसाच्या जागी लागणाऱ्याला) पाळी मिळत नसे. जॉबरची ही मक्तेदारी ढिली करण्यासाठी मुंबईत 1935 मध्ये बदली कामगारांच्या नोंदणीची योजना आली आणि गोदीत 1948 च्या कायद्यानंतर डॉक लेबर बोर्ड आले.

महाराष्ट्राने या दिशेने टाकलेले सर्वांत मोठे पाऊल म्हणजे अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून आलेला 1969 चा माथाडी कायदा. मालकाने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही माथाडी मंडळात भरायची, मंडळाने ती नोंदीत कामगाराला द्यायची, आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधोपचार यांची सोय करायची, अशी ही रचना आहे. मुकादमाच्या हातून पैसा काढून घेणारा हा कायदा होता. आज त्याच कायद्याचे नाव सांगून काम न करता ‘वाराई’, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी, उकळणाऱ्यांना लोक बोगस माथाडी म्हणतात. 2023 मध्ये सरकारने कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले तेव्हा माथाडी संघटनांनी त्याला विरोध केला, आणि त्यांची भीती मला रास्त वाटते: खंडणीखोरांच्या निमित्ताने खऱ्या हमालाचे संरक्षण जाऊ नये. खंडणीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम 308 आहे, टोळी असेल तर 1999 चा मोक्का हा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा आहे. त्यासाठी पाठीवर पोते वाहणाऱ्याचा कायदा पातळ करण्याचे कारण नाही.

आता आपल्या संघटनेविषयी. 1926 च्या ट्रेड युनियन कायद्याने नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात तुरुंगवासाची शिक्षा झालेल्या व्यक्तीला सुटकेनंतर पाच वर्षे पदाधिकारी होता येत नसे, आणि त्याची जागा घेणाऱ्या 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही ही अट आहे. अमेरिकेच्या 1959 च्या कायद्यात ही मुदत आता तेरा वर्षांपर्यंत आहे. दोन्हीकडे मेहुण्याला किंवा पुतण्याला अटकाव नाही, आणि असूही नये, कारण एकाच्या गुन्ह्याची शिक्षा दुसऱ्याला देता येत नाही. त्यामुळे आपला प्रश्न अध्यक्ष कोणाचे मेहुणे आहेत हा नसावा. वर्गणी कुठे जाते आणि भरतीची यादी कोण करतो, हा असावा.

सदस्याला हिशेबाची पुस्तके आणि सदस्यांची यादी तपासण्याचा हक्क आपल्या 1926 च्या कायद्याने दिला होता, आणि संघटनांचे कायदे एकत्र करणाऱ्या 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेनेही मुख्य तरतुदी राखल्या आहेत. संघटनेला दर वर्षी तपासलेला हिशेब निबंधकाकडे पाठवावा लागतो. आपण पंधरा-वीस जणांनी एकत्र सही करून हिशेब पाहण्याचा लेखी अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी, आणि निबंधकाकडील वार्षिक विवरणाची प्रत माहिती अधिकारात मागावी. एकट्याने हे करू नये, हे मी आग्रहाने सांगतो. ज्या ठिकाणी मागे खंडणीचा गुन्हा सिद्ध झाला आहे, तिथे एकटा अर्जदार सहज ओळखला जातो आणि त्याची पाळी बंद होते. त्यानंतर सर्वसाधारण सभेत गुप्त मतदानाची मागणी करावी. अमेरिकेतील ट्रकचालकांच्या टीमस्टर्स संघटनेत 1989 च्या न्यायालयीन तडजोडीने सर्वोच्च पदांसाठी थेट गुप्त मतदान आले आणि 1991 मध्ये पहिली निवडणूक झाली, तेव्हाच प्रथम साध्या सदस्याचे मत मोजले गेले.

संघटना मात्र सोडू नये. आपण पंधरा जण बाहेर पडलात तर आत उरतील ते चिठ्ठीवर आलेलेच, आणि मालकाला आपल्याशी बोलण्याचे कारण राहणार नाही.

प्रश्न : आम्ही मालवणकडचे. आमच्या देवबागचे डॉ. दत्ता सामंत यांचा खून टोळीवाल्यांनी केला असे लहानपणापासून ऐकतो. त्यामागे कोण होते हे ठरले का? आणि त्यांच्या घरातही पुढे संघटना चाललीच ना?
— एक वाचक, मालवण

उत्तर : डॉ. सामंत यांना 16 जानेवारी 1997 रोजी पवईत घराजवळ गोळ्या घालून मारण्यात आले. या प्रकरणात कट रचल्याचा आरोप असलेल्या छोटा राजनला विशेष न्यायालयाने जुलै 2023 मध्ये पुराव्याअभावी निर्दोष सोडले. त्यामुळे त्याचे नाव गुन्हेगार म्हणून घेणे योग्य होणार नाही. 18 जानेवारी 1982 ला डॉ. सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, तो संप विधिवत मागे घेतला गेलाच नाही, आणि बेकार झालेल्या घरांतली काही मुले टोळ्यांच्या हाती लागली. गिरणगावातल्या संघटनांभोवती बंदुका येण्याची पार्श्वभूमी ती आहे.

त्यांचे बंधू दादा सामंत कामगार चळवळीत होते, हे खरे. पण भावाच्या मागे भावाने कामगारांसाठी उभे राहणे आणि उरणच्या पत्रातल्याप्रमाणे भरतीची चिठ्ठी घरात ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात सदस्य भावाला नाकारू शकतात. दुसऱ्यात नाकारणाऱ्याच्या मुलाला काम मिळत नाही.