बेल्ट बदलू की अजून थांबू?

प्रश्न : पन्हाळा रस्त्याला आमचं छोटं रिसॉर्ट आहे. फाटकापासून वरच्या खोल्यांपर्यंत पाहुण्यांना न्यायला जुनी पेट्रोलवरची गोल्फ कार्ट घेतली आहे. दोन माणसं असली तर ठीक जाते. चार बसली की चढाला इंजिन नुसतं बोंबलतं, गाडी पुढं सरकत नाही. एक मेकॅनिक म्हणतो बेल्ट बदला, दुसरा म्हणतो इंजिन उघडावं लागेल. बेल्टला वरून तर एकही चीर दिसत नाही.
– एक वाचक, पन्हाळा रस्ता

उत्तर : इंजिन उघडू नका, निदान आत्ता तरी. आवाज चढतो आणि गाडी चढत नाही, म्हणजे इंजिनात ताकद आहे पण ती चाकापर्यंत पोचत नाही. इंजिनच दबून, धापा टाकत चाललं असतं तर आधी एअर फिल्टर, कार्ब्युरेटर आणि चिकटलेले ब्रेक बघायला सांगितलं असतं.

वरून चीर दिसत नाही, याला फारसा अर्थ नाही. हा ड्राइव्ह बेल्ट, म्हणजे इंजिनाची ताकद चाकांकडं नेणारा पट्टा, पाठीनं काम करत नाही, दोन्ही कुशींनी करतो. इंजिनावरच्या पुढच्या क्लचच्या, म्हणजे पुलीच्या, दोन थाळ्या फेरे वाढले की जवळ येतात आणि बेल्टला कुशीतून दाबून वर सरकवतात. मागच्या क्लचच्या थाळ्या तेवढ्याच फाकतात. कुशी झिजल्या की बेल्ट अरुंद होतो, खोल बसतो आणि त्यावरची पकड ढिली पडते. कुशी काचेसारख्या गुळगुळीत झाल्या असतील, तर रुंदी पुरेशी असूनही तो घसरतो. म्हणून बेल्ट काढून कुशीवरून बोट फिरवा आणि व्हर्नियर कॅलिपरनं रुंदी चार-पाच ठिकाणी मोजा.

किती झिजला म्हणजे बदलायचा? किमान रुंदी तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस पुस्तिकेत असते, तीच धरा. पुस्तिका मिळाली नसेल तर त्याच पार्ट नंबरचा नवा बेल्ट आणा आणि त्याच्याशी ताडून बघा. फरक ३ मिलिमीटरच्या आसपास गेला असेल तर जुना टाकाच. एकाच जागी खाच पडली असेल तर बाकीचा बेल्ट कितीही चांगला असो, तो गेला. ब्रेक अडकलेला असताना कुणी पेडल दाबून धरलं, की पुढचा क्लच एकाच जागी फिरत राहतो आणि तेवढा भाग जाळतो. मग प्रत्येक फेऱ्याला गाडी ठोका देते. आतल्या दात्यांच्या मुळाशी तडे, कडेला सुटलेले धागे, खाली साठलेली काळी भुकटी, जळक्या रबराचा वास, सुटताना बसणारा हिसका, यातलं काहीही दिसलं तरी बेल्ट काढून तपासा. अशा गाड्यांना किलोमीटरचा मीटर बहुधा नसतोच, त्यामुळे ‘इतके किलोमीटर झाले की’ हा हिशेब इथं चालत नाही. तुमच्यासारखी रोज चढावर भरून जाणारी गाडी असेल तर दर तीन महिन्यांनी मोजमाप घ्या.

काम तुम्हाला घरी करता येईल. गाडी सपाट जागी लावा, किल्ली काढा, लिव्हर न्यूट्रलला घ्या, चाकांना उटी लावा. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा, हे विसरू नका. या गाड्यांत पेडल दाबलं की इंजिन सुरू होतं. तुमची बोटं पुलीत असताना कुणाचा पाय पडला तर संपलं. सायलेन्सर जवळच असतो, तो गार होऊ द्या. मग सीट उचलून दोन्ही क्लचच्या मधोमध बेल्ट धरा आणि असा दाबा की मागच्या थाळ्या फाकून बेल्ट त्यांच्यात खोल जाईल. त्यानं जी ढील मिळते ती घेऊन, मागची पुली हातानं फिरवत बेल्ट तिच्या कडेवरून उतरवा. पुढच्या पुलीवरून तो मग सहज निघतो. बसवताना उलट : आधी पुढं, मग मागं. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. थाळीच्या कडेला टवका पडला तर नवा बेल्टही तिथंच कापला जातो. बेल्टवर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेनं ठेवा.

बेल्ट बाहेर आहे तोवर थाळ्यांवर नख फिरवून बघा. नख अडकेल एवढी चरी असेल तर नुसता बेल्ट बदलून पैसे वाया जातील. थाळ्या ब्रेक क्लीनरनं पुसा. त्यांना तेल नको, ग्रीस नको, बेल्टचा आवाज बंद करणारा स्प्रे तर मुळीच नको. इंजिनाच्या सीलमधून ऑइल उडून बेल्टवर येत असेल तर आधी सील बदला, मग बेल्ट. नव्या बेल्टवर पहिला अर्धा-पाऊण तास गाडी रिकामी आणि हळू चालवा.

एक गोष्ट विकत घेताना. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माप सांगितलं की पाहिजे तो पट्टा हातात पडतो, आणि नेमकी तीच अडचण आहे. कडबाकुट्टीचा किंवा पंपाचा पट्टा लांबीला जुळेलही, पण कुशीचा कोन आणि रबर वेगळं असतं. तो थाळ्यांना पूर्ण टेकत नाही, तापतो आणि सुटतो. पार्ट नंबर जुळवूनच घ्या.

प्रश्न : आमच्या क्लबच्या पेट्रोल कार्टचं पेडल दाबताच सेकंदभर ‘चीं’ असा आवाज येतो आणि मग गाडी नीट चालते. बॅटरी मात्र सारखी उतरते.
– एक वाचक, ताराबाई पार्क

उत्तर : हा दुसरा बेल्ट. पेट्रोल कार्टमध्ये स्टार्टर आणि जनरेटर एकच असतो आणि इंजिनाशी त्याचा वेगळा, बारीक बेल्ट असतो. तो ढिला झाला की सुरू करताना ओरडतो आणि चालताना घसरून बॅटरी नीट चार्ज होऊ देत नाही. ड्राइव्ह बेल्टचा ताण मागच्या क्लचची स्प्रिंग सांभाळते. याचा ताण मात्र स्टार्टरचे बोल्ट सैल करून आपणच द्यायचा असतो. दोन पुलींच्या मध्ये अंगठ्यानं दाबल्यावर साधारण १० ते १२ मिलिमीटर दबला पाहिजे. जास्त ताणलात तर स्टार्टरचं बेअरिंग जातं. नवा बसवला तर दहा-पंधरा तास चालल्यावर पुन्हा ताणा, कारण सुरुवातीला तो वाढतो. बहुतेक मॉडेलमध्ये हा काढायला आधी ड्राइव्ह बेल्ट काढावा लागतो, तेव्हा दोन्ही एका वेळीच उरकलेले बरे.

प्रश्न : गिअरलेस स्कूटरचं रनिंग २२ हजार झालंय. जोतिबाच्या चढाला दम लागतो, सपाटीलाही पूर्वीचा वेग मिळत नाही. बेल्ट बदलून घेतला, पण आठवड्यातच पुढून खडखड सुरू झाली.
– एक वाचक, वडणगे

उत्तर : बेल्ट बदलला ते योग्यच, बहुतेक कंपन्या २० ते २५ हजारांच्या दरम्यान बदलायला सांगतात. अरुंद झालेला बेल्ट पुढच्या पुलीवर पूर्ण वर चढत नाही, म्हणून वरचा वेग आधी जातो.

खडखडीचं कारण बहुधा बसवण्यातली चूक. मागच्या पुलीच्या थाळ्या फाकवून बेल्ट खोल ढकलला नाही तर पुढं ढील राहत नाही. मग नट आवळताना बेल्टच पुढची थाळी आणि तिच्या बुशच्या मध्ये चिमटला जातो. नट घट्ट लागल्यासारखा वाटतो, पण तो बेल्टवर आवळलेला असतो. चार दिवसांनी बेल्ट जागेवर सरकतो, नट सैल होतो आणि थाळी शाफ्टचे दाते खाऊ लागते. गाडी आजच उघडायला सांगा. दाते गेले तर क्रँकपर्यंत खर्च जाईल. उघडलंच आहे तर व्हेरिएटरमधले, म्हणजे पुढच्या पुलीतले, रोलर काढून बघा. ते गोल हवेत. एका बाजूनं चपटे झाले असतील तर सगळे एकदम बदला. नट कंपनीनं सांगितलेल्या टॉर्कलाच आवळायचा, गन लावून अंदाजानं नाही.

प्रश्न : पुराच्या पाण्यात स्कूटर फूटबोर्डपर्यंत बुडाली. बेल्ट गेला का?
– एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : पाण्यानं बेल्ट जात नाही, गाळानं जातो. गाडी सुरू न करता बेल्टचं कव्हर उघडा, आतला गाळ स्वच्छ पाण्यानं धुवा, सगळं कोरडं करा. क्लचच्या ड्रममध्ये चिखल अडकलेला असतो, तोही काढा. कुशीत रेतीचे कण रुतले असतील तर बेल्ट बदला. तोच ठेवलात तर थाळ्या घासल्या जातील. गिअर ऑइलही तपासा. ते दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. ११० सीसीच्या स्कूटरला साधारण १०० ते १२० मिलिलीटर लागतं, स्वस्तातलं काम आहे. पुढच्या वेळी राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला आलं, की ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट न बघता गाडी उंचावर नेऊन लावा.

प्रश्न : विजेवरच्या गोल्फ कार्टचा बेल्ट किती दिवसांनी बदलावा?
– एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : तिला ड्राइव्ह बेल्ट नसतो. मोटर थेट मागच्या अ‍ॅक्सलच्या गिअरबॉक्सला जोडलेली असते. कुणी बेल्टचे पैसे लावले असतील तर जुना बेल्ट दाखवायला सांगा.