एक चाक तासात, एक चाक जमिनीवर

प्रश्न : माझ्या बागेच्या छोट्या ट्रॅक्टरसाठी मी दहा इंची कापाचा, माती एकाच बाजूला म्हणजे उजवीकडे उलटवणारा एक जुना पलटी नांगर घेतला. ट्रॅक्टर सपाट फरशीवर उभा करून तो अगदी काटकोनात बसवला. तरीही दुसऱ्या तासापासून, म्हणजे नांगराने पडणाऱ्या दुसऱ्या सरीपासून, नांगर कलतो, माती उलटण्याऐवजी नुसती बाजूला सरकते आणि प्रत्येक तासाची खोली वेगळी येते. नांगरच सदोष असेल का?

उत्तर : नांगराला दोष देण्यापूर्वी जुळणी तपासावी, कारण आपण सांगितलेली सगळी लक्षणे चुकीच्या जुळणीचीच आहेत. पहिले तास ओढताना ट्रॅक्टरची दोन्ही बाजूंची चाके न नांगरलेल्या जमिनीवर असतात. दुसऱ्या तासापासून मात्र उजवी चाके आधीच्या तासात उतरतात, डावी वरच राहतात आणि ट्रॅक्टर उजवीकडे झुकतो. चाकांमधील अंतर ८० सेंटिमीटर आणि तासाची खोली साडेबारा सेंटिमीटर धरली, तर हा कल सुमारे नऊ अंशांचा होतो. फरशीवर सरळ बसवलेला नांगर तेवढाच कलतो. मग फाळाची उजवी बाजू खोल रुतते, डावी उचलली जाते आणि तासाच्या भिंतीला टेकून नांगर सरळ ठेवणारी लँडसाइडची पट्टी आपला आधार गमावते.

म्हणून जुळणी करताना तासाचीच नक्कल करावी. जेवढे खोल नांगरायचे असेल तेवढ्या उंचीचे भक्कम लाकडी ठोकळे डाव्या बाजूच्या पुढच्या आणि मागच्या चाकाखाली द्यावेत. उजवी चाके फरशीवरच ठेवावीत, कारण ती फरशी म्हणजेच आता तासाचा तळ आहे. दहा इंची नांगरासाठी पाच इंचांची, म्हणजे कापाच्या रुंदीच्या निम्म्याइतकी खोली ठीक असते. त्याहून फार खोल गेल्यास मातीचा पट्टा नीट उलटत नाही, उभाच राहतो.

आता नांगर फरशीवर टेकवावा. मागून पाहिल्यास त्याचा दांडा उभा, फरशीशी काटकोनात दिसला पाहिजे. बाजूने पाहताना फाळाचे टोक आणि लँडसाइडची मागची टाच ही दोन्ही फरशीला टेकलेली असावीत. टाच अधांतरी राहिली, तर नांगर नाक खुपसून खोल जातो आणि ट्रॅक्टरची दमछाक होते. टोकच उचललेले असेल, तर तो जमिनीत न शिरता वरवर सरकत राहतो. थ्री-पॉइंट जोडणी (खाली दोन आणि वर एक अशा तीन दांड्यांची) असल्यास हा फरक टॉप लिंक, म्हणजे वरचा दांडा, कमी-जास्त करून साधतो. ती आखूड केली की टोक खाली जाते. एकाच खिळीवर बसणाऱ्या साध्या जोडणीत हेच काम कलाचे बोल्ट करतात.

उरले आडवे अंतर, आणि बहुतेक जण तेच मोजायला विसरतात. उजव्या मागच्या चाकाच्या आतल्या कडेपासून लँडसाइडपर्यंतचे अंतर कापाच्या रुंदीएवढे, म्हणजे आपल्या बाबतीत दहा इंच हवे. ते जास्त असेल, तर न कापलेली माती मधे राहते. कमी असेल, तर नांगर अर्ध्याच रुंदीवर काम करतो. लँडसाइड चाकाला समांतर आहे ना, हेही तिच्या पुढच्या आणि मागच्या टोकांपासून मोजून पाहावे. कोल्टरची, म्हणजे फाळाच्या पुढे माती उभी कापणारी, चकती जोडलेली असेल, तर ती लँडसाइडच्या रेषेपेक्षा अर्धा इंच न नांगरलेल्या बाजूला सरकवून ठेवावी आणि तासाच्या खोलीच्या निम्म्यापर्यंतच रुतवावी.

या जुळणीनंतर पहिले तास मुद्दाम उथळ घ्यावे. दोन्ही बाजूंची चाके वरच असल्याने ते वाकडेतिकडे दिसेल, पण तिकडे लक्ष देऊ नये. तिसऱ्या तासापासून निकाल तपासावा. शिवाय आपला नांगर जुना आहे. माती उलटवणाऱ्या वक्र पानावर गंज किंवा रंग असेल, तर माती त्याला चिकटते आणि उत्तम जुळणीही व्यर्थ जाते. पान घासून चकचकीत करावे, आणि काम संपल्यावर त्यावर तेल किंवा ग्रीस लावून ठेवावे.

प्रश्न : नांगरताना ट्रॅक्टरचे डावे चाक जागच्या जागी फिरते. वजन वाढवावे का?

उत्तर : वाढवावे, पण मुख्यतः डाव्या मागच्या चाकावर. कललेल्या ट्रॅक्टरचा भार उजव्या चाकावर सरकतो, डावे हलके पडते आणि साधे डिफरन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची रचना) फिरण्याची मुभा नेमकी त्या हलक्या चाकालाच देते. हिरवळीवर चालणारे गुळगुळीत टायर नांगरणीला उपयोगाचे नाहीत. खोल खाचांचे शेती टायर किंवा चाकाला साखळ्या हव्यात. पुढची चाके उचलली जात असतील, तर पुढेही वजन लावावे. नांगर ओढण्याचा जोड मागच्या आसापेक्षा उंच जागी कधीही बांधू नये. तसे केल्यास ट्रॅक्टर मागे उलटू शकतो.

वजनाआधी मात्र वापसा, म्हणजे जमिनीतली नांगरणीजोगी ओल, पाहावा. मुठीत दाबलेला मातीचा गोळा बोटाने टोचताच फुटला, तर जमीन तयार आहे. तो चिखलासारखा दबला, तर थांबावे, कारण अशा ओलीत चाक घसरतेच, शिवाय नंतर हाताने फुटणार नाहीत अशी ढेकळे निघतात. आणि ट्रॅक्टर केवळ गवत कापण्यासाठीच्या हलक्या बनावटीचा असेल, तर कितीही वजन लावले तरी त्याच्या गिअर पेटीला नांगरणी झेपणार नाही. हे ऐकायला आवडत नाही, पण पेटीच्या दुरुस्तीपेक्षा ते स्वस्त पडते.

प्रश्न : नांगरून झाल्यावर तुकड्याच्या मधोमध खोल चर उरतो. तो कसा टाळावा?

उत्तर : आपण कडेकडून आत येत नांगरत असणार. माती दोन्हीकडून बाहेर फेकली जाते आणि शेवटी मधे चर उरतो. पुढच्या वेळी मधोमध एक तास ओढून परतताना दुसऱ्या पट्ट्याची माती त्यावर टेकवावी आणि तेथून बाहेर जावे. मग मधे वरंबा येईल आणि चर कडेला जातील. एक हंगाम आतून, एक हंगाम बाहेरून असा क्रम ठेवल्यास जमीन बऱ्यापैकी सपाट राहते. दोन्ही टोकांना वळण्यापुरती जागा सोडावी आणि ती शेवटी आडवी नांगरावी. नांगर जमिनीत असताना वळू नये, आधी तो उचलावा.