काळा धूर आला की आधी हवा बघा

प्रश्न : माझी दहा टायरी जुनी गाडी आहे, टर्बोची, साध्या डिझेल पंपावरची. चोपड्याच्या जिनिंगमधून रुईच्या गाठी भरून इंदूरला जातो. रिकामी गाडी ठीक चालते, पण भरलेली असली की बिजासन घाटात भसाभस काळा धूर टाकते, ओढत नाही, डिझेलही जास्त खाते. मिस्त्री म्हणतात, पंप उतरवा. काय करू?
— एक गाडीमालक, चोपडा

उत्तर : भाऊ, पंपाला आत्ताच हात लावू देऊ नका. काळा धूर म्हणजे डिझेल पुरतं जळत नाही. एक तर हवा कमी पडते, नाहीतर डिझेल जास्त जातं. हवेची बाजू तपासायला जवळजवळ खर्च नाही, म्हणून सुरुवात तिथून.

तुमची गाडी जिनिंगच्या आवारात उभी राहते, तेव्हा एअर फिल्टरच्या तोंडाशी रुईचे तंतू साचलेत का ते बघा. फिल्टर टायरवर आपटून झाडायची सवय असेल तर ती आजच बंद करा. कागदाच्या घड्या फाटतात, बारीक माती सिलिंडरमध्ये जाते आणि रिंगा, लायनर खाऊन टाकते. जाम झालेला फिल्टर सरळ बदला.

मग टर्बो (हवा दाबून इंजिनात ढकलणारा पंखा) ते इंटरकूलर (ती हवा थंड करणारी जाळी) आणि तिथून मॅनिफोल्डपर्यंतचे (सिलिंडरना हवा वाटणारा पाइप) रबरी होज बघा. माझा पहिला संशय इथेच आहे. इंजिन बंद करून, थंड झाल्यावर क्लिपांजवळ खालच्या अंगाने बोटं फिरवा. वरून होज नवा दिसतो आणि खाली तेलकट डागावर धूळ चिकटलेली सापडते. दाबाची हवा तिथूनच फुटते. ही चीर रिकाम्या गाडीत मिटलेली राहते, लोड आला की उघडते.

होज धड निघाले तर नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा मारणारे तोंड. इंजिन आयडलवर ठेवून एकेका नोझलच्या पाइपाचं नट जरासं ढिलं करा, हात धारेपासून लांब ठेवा. ज्याने आवाजात फरक पडत नाही ते सिलिंडर लंगडं, म्हणजे नीट काम करत नाही. कॉमन रेलच्या (एकाच दाबाच्या नळीतून सगळ्या नोझलना डिझेल देणाऱ्या) गाडीवर मात्र हे चुकूनही करू नका. तिथे दाब हजार बारच्या वर जाऊ शकतो, डिझेलची धार कातडीत घुसते.

नोझल पंपवाल्याकडे स्टँडवर तपासून घ्या. फवारा बरोबर असेल, तरच पंपाकडे वळा, आणि आधी पंपाच्या डिझेलच्या स्क्रूचं सील तुटलंय का बघा. पिकअपसाठी कुणीतरी तो स्क्रू वाढवून ठेवलेला असू शकतो.

धूर निळा असता तर ऑइल जळतंय म्हटलं असतं. गरम इंजिनातून पांढरा धूर आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असतं, तर हेड गॅस्केटवर संशय घेतला असता. तुमच्याकडे ती लक्षणं नाहीत.

दुरुस्तीनंतर चाचणी भरलेल्या गाडीवर, चढावरच घ्या. रिकाम्या गाडीत काही कळणार नाही.